रसायनशास्त्र आले की नाही, हे कसे ओळखावे?



वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे परीक्षा संपून निकालाची वाट पाहण्याचे दिवस. येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी बारावीचा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि "केमिस्ट्रीचा पेपर कसा गेला?" हा प्रश्न त्या घरात एव्हाना दहा वेळा विचारून झाला असेल. गुण किती पडतील हे आपण विचारतो. मुलाला विषय समजला की नाही हे मात्र विचारत नाही, कारण ते कसे विचारावे हे आपल्याला ठाऊक नसते. आज त्याविषयी बोलावे असे मी ठरविले आहे.

मी शिक्षक नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले आणि पुढचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले; त्यातही रासायनिक कारखान्यांतील कामगारांशी संबंध अधिक आला. अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची पुस्तके मी कामगारांच्या मुलांकडून मागून आणली आणि युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचली. पिंपात काय आहे हे ठाऊक नसताना त्या पिंपाजवळ आठ तास उभे राहणाऱ्या माणसाची बाजू मांडावयाची, तर पिंपातल्या पदार्थाचा स्वभाव आपल्याला कळला पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. ती पुस्तके वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुस्तकातली वाक्ये पाठ होणे आणि पुस्तकातला पदार्थ डोळ्यांपुढे उभा राहणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असे आपण धरून चालतो. दुसरी झाली की नाही हे ओळखण्याचा एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे पाठ केलेल्या वाक्याने ज्याचे उत्तर देता येत नाही असा प्रश्न. असे काही प्रश्न आपण आज प्रत्यक्षच सोडवून पाहू.

पहिला प्रश्न ॲसिडचा. "पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडात पाणी घालू नये," हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पुष्कळ कारखान्यांत ते पाटीवर रंगविलेलेही असते. आमच्या एका अभ्यासवर्गात एका वयस्क कामगाराने विचारले, "ॲसिड तेवढेच, पाणी तेवढेच, शेवटी होणारे मिश्रणही तेच. मग आधी काय घातले ह्याने काय बिघडते?" ही शंका वरवर भाबडी वाटते, पण रसायनशास्त्राचा एक मोठा नियम त्या कामगाराच्याच बाजूने उभा आहे. रशियात काम करणाऱ्या जर्मेन हेस ह्या रसायनज्ञाने १८४० साली असे दाखविले, की आरंभीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असले, तर वाट कोणतीही घ्या, बाहेर पडणारी एकूण उष्णता तेवढीच राहते. म्हणजे दोन्ही रीतींनी उष्णता सारखीच निघते! बारावीच्या मुलाला इथपर्यंत आणून सोडावे आणि मग विचारावे, "तर मग पाटी खोटी काय?"

पाटी खोटी नाही आणि हेसचा नियमही खोटा नाही. एकूण उष्णता सारखीच असते. ती कोठे निघते आणि कोण सोसते, ह्यात फरक पडतो. संहत सल्फ्युरिक ॲसिडची घनता पाण्याच्या सुमारे १.८४ पट आहे. पुष्कळशा पाण्यात ॲसिडची बारीक धार सोडली, तर ते जड असल्यामुळे खाली जाते, मिसळते, आणि निघालेली उष्णता भोवतालचे सगळे पाणी वाटून घेते. पाण्याच्या अंगी उष्णता सामावून घेण्याची शक्ती मोठी आहे; तेवढ्याच वजनाच्या ॲसिडच्या सुमारे तिप्पट. आता उलट करा. ॲसिडवर थोडे पाणी ओतले की ते हलके असल्यामुळे वरच तरंगते. दोहोंच्या सीमेवर सगळी उष्णता एका पातळ थरात कोंडली जाते. पाणी १०० अंशांना उकळते, तर संहत ॲसिड ३०० अंशांच्याही वर. तेव्हा पाण्याची एकदम वाफ होते आणि ती वाफ ॲसिडचे थेंब घेऊन तोंडावर उडते. ज्या मुलाने घनता, उष्णताधारकता, उत्कलनबिंदू आणि हेसचा नियम हे चार धडे वेगवेगळे पाठ केले आहेत, त्याला ते ह्या एका प्रश्नात एकत्र आणावे लागतात. उत्तर आले तर समजावे, की ती पाटी त्याने वाचलीच नव्हे तर समजूनही घेतली आहे.

दुसरा प्रश्न कागदावरचा आहे, पण फार गमतीचा. आम्लता मोजण्याचे जे पीएच नावाचे माप आहे, ते शुद्ध पाण्याला २५ अंश तपमानाला ७ येते. आम्ल असेल तर ७ च्या खाली, अल्कली असेल तर वर. ते काढण्याची रीतही सोपी आहे. एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन किती मोल आहेत ते पाहावयाचे. मोल म्हणजे रसायनशास्त्रातले मोजमाप, आपल्या डझनासारखे, फक्त फार मोठे. एक दशांश मोल असेल तर पीएच १, एक शतांश असेल तर २, अशी प्रत्येक दहाव्या भागाला एक पायरी. आता हायड्रोक्लोरिक ॲसिड पातळ करत करत असे करा, की लिटरमध्ये मोलाचा फक्त दहा कोटीवा भाग उरेल. पीएच किती?

दहा कोटी म्हणजे एकावर आठ शून्ये. रीत बिनचूक वापरणारा मुलगा पटकन सांगतो, ८. पण आठ म्हणजे अल्कली! ॲसिडात पाणी कितीही घातले तरी त्याचे अल्कली कसे होईल? दुधात पाणी घालीत गेल्याने शेवटी शाई होत नाही. येथे रीत चुकलेली नाही. रीत वापरताना एक जण मोजायचा राहिला आहे, आणि तो म्हणजे पाणी. शुद्ध पाण्यातच लिटरमागे मोलाचा एक कोटीवा भाग हायड्रोजन आयन आधीपासून असतात. आपण घातलेले ॲसिड त्याच्या एकदशांशच आहे. एरवी ॲसिड इतके जास्त असते की पाण्याचा वाटा सोडून दिला तरी चालते. येथे पाण्याचाच वाटा मोठा आहे. दोहोंचा मेळ घालून हिशेब केला की उत्तर ६.९८ येते, म्हणजे ७ च्या किंचित खाली, अगदी किंचित आम्ल. सामान्य माणसाची अक्कलही हेच सांगत होती.

हा प्रश्न वरच्या वर्गांच्या परीक्षांतून नेहमी विचारला जातो, म्हणून आता त्याचे उत्तरही मुले पाठ करू लागली आहेत. तरी त्याच्यामागची शिकवण टिकून आहे. उत्तर आल्यावर क्षणभर थांबून "हे संभवते काय?" असे स्वतःला विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला अर्धे शास्त्र आले.

तिसरा प्रश्न चित्राचा. सुसान नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग ह्या अमेरिकेतील दोन अध्यापकांनी १९८७ साली तो प्रसिद्ध केला. एक पोलादी टाकी आहे, तिच्यात २० अंशांवर हायड्रोजन वायू भरला आहे. रेणू ठिपक्यांनी दाखविले आहेत आणि ते टाकीभर सारखे पसरले आहेत. तपमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरविले. आता ठिपके कसे दिसतील? दिलेल्या चित्रांतून एक निवडावयाचे. पुष्कळ विद्यार्थी ठिपके टाकीच्या तळाशी बसलेले किंवा मध्ये गोळा झालेले चित्र निवडतात. वस्तुतः हायड्रोजन द्रवरूप होतो तो शून्याखाली सुमारे २५३ अंशांवर. उणे २० अंशांना तो वायूच असतो आणि पूर्वीसारखाच टाकीभर पसरलेला असतो. फक्त रेणूंचा वेग मंदावतो आणि दाब उतरतो. आरंभी तो ३ वातावरणे असेल, तर सुमारे २.६ होतो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की वायूंच्या नियमांवरची गणिते ज्यांना सुटत होती, त्यांतल्याच अनेकांना हे चित्र सुटले नाही. २.६ हा आकडा त्यांना काढता येतो, पण ज्याचा तो आकडा आहे ती वस्तू त्यांना दिसत नाही.

चार पर्यायांतून एकावर खूण करण्याच्या परीक्षांना आपल्याकडे पुष्कळ नावे ठेवली जातात. हा प्रश्न पर्यायांचाच आहे, तरी तो समज तपासतो. तेव्हा दोष खूण करण्याच्या पद्धतीचा मानू नये. प्रश्नात काय विचारले आहे ते पाहावे.

चौथा प्रश्न समतोलाचा. काही रासायनिक क्रिया एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालतात, आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की बाहेरून सगळे स्तब्ध दिसते. नायट्रोजन आणि हायड्रोजन ह्यांच्यापासून अमोनिया होतो, आणि अमोनिया मोडून पुन्हा ते दोन वायू होतात. खताच्या कारखान्याचा सारा व्यवहार ह्या क्रियेवर उभा आहे. फ्रेंच रसायनज्ञ आंरी ल शातलिए ह्याने १८८४ साली एक तत्त्व मांडले. अशा समतोलाला धक्का दिला, तर तो धक्का ज्या योगे कमी होईल त्या बाजूला क्रिया सरकते. अमोनिया होताना चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाब वाढविला की अमोनिया वाढतो. हे झाले पाठांतर. आता प्रश्न असा, की बंद टाकीचा आकार तसाच ठेवून तिच्यात आर्गॉन हा कशाशीच संयोग न पावणारा वायू सोडला. टाकीतला दाब वाढला. अमोनिया वाढेल काय?

पाठ केलेले वाक्य सांगते, वाढेल. खरे उत्तर आहे, काहीच होणार नाही. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया ह्यांचे रेणू जेवढ्या जागेत होते तेवढ्याच जागेत आहेत. त्यांची दाटी वाढलेली नाही. आर्गॉन हा नुसता बघ्या. सभेत बघ्यांची गर्दी झाली म्हणून मतदारांची संख्या वाढत नाही, तसेच हे. पण तोच आर्गॉन दाब कायम ठेवून, टाकी फुगू देऊन सोडला, तर क्रियेतल्या वायूंना जागा जास्त मिळते, त्यांची दाटी कमी होते, आणि अमोनिया उलट घटतो. "दाब" ह्या एका शब्दाआड किती निरनिराळ्या गोष्टी लपतात हे ह्या प्रश्नाने उघड होते.

ह्याच तत्त्वाचा प्रश्न घरातही आहे. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून माणसे झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. कोळसा अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. इतके घट्ट धरले आहे, तर मग अशा माणसाला दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन देऊन उपयोग काय? उपयोग आहे, कारण हाही समतोल आहे आणि तो दोन्ही दिशांनी चालतो. ऑक्सिजनची दाटी वाढविली की क्रिया उलटी सरकते. साध्या हवेत रक्तातला तो विषारी वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात तो निम्मा होतो. स्वयंपाकघराच्या आणि मोरीच्या सफाईतही हाच धडा आहे. ब्लीचिंग पावडरीत संडास साफ करण्याचे ॲसिड मिसळले, की समतोल क्लोरीन वायूच्या बाजूला सरकतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्यामुळे खाली साचून राहतो, आणि खाली वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्याच नाकातोंडात जातो. दोन चांगली औषधे एकत्र केली म्हणजे दुप्पट सफाई होते, हा समज जिवावर बेततो.

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक क्रिया प्रयोगशाळेत एक लिटरच्या भांड्यात केली. तिच्यातून उष्णता निघते, पण भांडे बाहेरून थंड ठेवल्यामुळे सगळे सुरळीत पार पडते. तीच क्रिया, त्याच प्रमाणात, एक हजार लिटरच्या भांड्यात केली तर ती तितकीच सुरक्षित राहील काय?

हिशेब सोपा जावा म्हणून भांडी चौकोनी समजू. एक लिटरचे भांडे दहा सेंटिमीटर बाजूचे, हजार लिटरचे एक मीटर बाजूचे. माल हजार पट झाला, म्हणजे उष्णताही हजार पट निघणार. पण उष्णता बाहेर जाते ती भिंतींतून, आणि भिंतींचे क्षेत्रफळ फक्त शंभर पट झाले. प्रत्येक लिटरच्या वाट्याला भिंत आली पूर्वीच्या एकदशांश. उष्णता आत साठते आणि तपमान चढते. ढोबळ मानाने तपमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ क्रियांचा वेग दुप्पट होतो. पन्नास अंशांनी वाढले तर बत्तीस पट. वेग वाढला की उष्णता आणखी निघते, तिने तपमान आणखी चढते. बाहेर जाणारी उष्णता मात्र त्या मानाने सावकाश वाढते. हे चक्र एकदा सुटले की हाती धरता येत नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यात असेच झाले. एका टाकीत मिथिल आयसोसायनेट हा द्रव सुमारे चाळीस टन साठविलेला होता. तो ३९ अंशांनाच उकळतो. म्हणून तो थंड ठेवावयाचा, आणि पाण्याचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. शीतकरणाचे यंत्र बंद होते. टाकीत पाणी शिरले. पाण्याशी त्याची जी क्रिया होते तिच्यातून उष्णताही निघते आणि वायूही. पुढचे सांगावयास नको. हजारो माणसे मेली आणि त्याहून कितीतरी अधिक जन्माची अधू झाली. त्या पदार्थाचा रेणूभार ५७ आहे, तर हवेचा सरासरी २९; म्हणजे त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. ती जमिनीलगत पसरली, आणि जमिनीलगत झोपड्यांत माणसे झोपलेली होती. ह्या सगळ्या हकिगतीत बारावीच्या पुस्तकाबाहेरचे तत्त्व एकही नाही. क्रियेचा वेग, उष्णता, उत्कलनबिंदू आणि रेणूभार, एवढेच.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक क्रियांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन मालकांवर आले, आणि संकट समोर दिसत असेल तर ते सांगण्याचा कामगारांचा हक्क मान्य झाला. ही गोष्ट मोठीच होती. पण माहितीचा कागद हातात येणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे. त्यावर उत्कलनबिंदू ३९ अंश असे छापलेले असते. मेच्या दुपारी आपल्याकडे सावलीतही पारा त्याच्यावर चढतो, हे वाचणाऱ्याच्या मनात यावे लागते. पाटी पाठ करणाऱ्या कामगाराला पाटीवर जे नाही ते दिसत नाही, आणि अपघात बहुधा पाटीवर नसलेल्या गोष्टीनेच होतो. परीक्षेच्या खोलीतले पाठांतर पुढे कारखान्यात कामगाराबरोबर, पर्यवेक्षकाबरोबर आणि इंजिनिअरबरोबरही जाते.

आता, असे प्रश्न तयार कसे करावे? त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. एक तर, नियम घ्यावा आणि त्याची एखादी अट काढून घ्यावी. आर्गॉनचा प्रश्न असा तयार होतो. दुसरे, आकड्याऐवजी चित्र मागावे. "रेणू काढून दाखव" म्हणावे. तिसरे, "किती" आणि "किती लवकर" हे दोन प्रश्न वेगळे करून विचारावे. हिऱ्यापेक्षा ग्रॅफाइट अधिक स्थिर आहे असे पुस्तक सांगते. मग आजीच्या कुडीतले हिरे काळे का पडत नाहीत? कारण तो बदल साध्या तपमानाला इतका मंद आहे, की माणसाच्या काय, राजघराण्यांच्या आयुष्यातही दिसत नाही. चौथे, लहान भांड्यातली गोष्ट मोठ्या भांड्यात नेऊन पाहावी. आणि गुण देताना उत्तराला थोडे, कारणाला अधिक द्यावे.

शालेय विद्यार्थ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड भरते, त्याचा आरंभ १९६८ साली प्राग येथे झाला. भारत त्यात १९९९ पासून भाग घेऊ लागला आणि २००१ साली ते आपल्या मुंबईतच भरले. तेथील लेखी परीक्षा पाच तासांची असते आणि प्रयोगांची परीक्षा वेगळी. मूलद्रव्यांचा तक्ता आणि लागणारे स्थिरांक प्रश्नपत्रिकेबरोबरच हाती देतात. जे पुस्तकात पाहून सांगता येते ते विचारण्यात वेळ दवडावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. सगळीच मुले तेथे जाणार नाहीत; पण प्रश्न विचारण्याची ती रीत आपल्या गावच्या शाळेत आणण्यास प्रागला जावे लागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक चाचणीत असा एक तरी प्रश्न घालावा आणि तो चुकणाऱ्याला हसू नये, कारण चुकीच्या उत्तरातूनच मुलाच्या मनातले चित्र दिसते. आईवडिलांना मी एवढेच सांगेन, की रसायनशास्त्र येत नसले तरी एक प्रश्न तुम्हाला विचारता येईल. मुलाने एखादा नियम म्हणून दाखविला, की शांतपणे विचारा, "हे केव्हा खरे ठरणार नाही?" तो गोंधळला, तर त्याला रागावू नका, पुस्तक घेऊन त्याच्याबरोबर बसा. आमच्या अभ्यासवर्गात पन्नाशीचे कामगार आपल्या मुलांच्या शेजारी असे बसलेले मी पाहिले आहेत, आणि शंका बहुधा बापाच्या तोंडून निघते. आपल्या गावातही महाविद्यालयाची प्रयोगशाळा महिन्यातून एक संध्याकाळ कामगारांना आणि त्यांच्या मुलांना मोकळी करून द्यावी, असे मी सुचवितो. त्यासाठी खर्च फार येणार नाही. एक तराजू, थोडे पाणी, एक जाणता शिक्षक आणि पंधरा-वीस प्रश्न एवढ्यावर काम सुरू होईल.